मेंदूतलं ग्लुकोज मोजणारी तार: पॉलिमरचा थर नीट कसा बसवायचा

प्लॅटिनमच्या तारेवर एन्झाइम लावून ग्लुकोज मोजणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते बाकी सगळ्यांना तारेपासून लांब ठेवणं. मेंदूच्या पेशींभोवतीच्या द्रवात ग्लुकोज साधारण अर्धा ते एक मिलिमोलर असतं. त्याच द्रवात ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्व, २०० ते ५०० मायक्रोमोलर असतं, शिवाय युरिक ॲसिड आणि डोपामाइनची मोडतोड होऊन तयार झालेले पदार्थ. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ग्लुकोज आणि ऑक्सिजन घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. हे पेरॉक्साइड +०.७ व्होल्टला प्लॅटिनमवर ऑक्सिडाइज होतं आणि तो प्रवाह आपण वाचतो. पण त्याच व्होल्टेजला ॲस्कॉर्बेटही (द्रवातलं ॲस्कॉर्बिक ॲसिड याच रूपात असतं) बिनदिक्कत इलेक्ट्रॉन देऊन जातं. उघड्या तारेवरचा आकडा ग्लुकोजचा की क जीवनसत्त्वाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची जोडी लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. ॲस्कॉर्बेटवर तोडगा बराच उशिरा आला. १९९० मध्ये इटलीत मालितेस्ता आणि सहकाऱ्यांनी ऑर्थो-फेनिलीनडायअमीन इलेक्ट्रोडवरच पॉलिमराइज करून ग्लुकोज सेन्सर केला, आणि पुढे डब्लिनमध्ये ओनील व लोरी यांनी हीच फिल्म मेंदूत वापरण्याजोगी केली. तिचं पूर्ण नाव पॉली-ऑर्थो-फेनिलीनडायअमीन. लॅबमध्ये सगळे पीपीडीच म्हणतात. काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर जाडीची ही चाळणी पेरॉक्साइडचा छोटा रेणू आत सोडते आणि ॲस्कॉर्बेट अडवते.

खालची पद्धत नाशिकच्या कॉलेजांतल्या एमएस्सी, बी.फार्म आणि बायोटेकच्या प्रोजेक्टला झेपेल अशी, फक्त टेबलावरच्या कामासाठी आहे. एन्झाइमपेक्षा फिल्मला इथे जास्त जागा दिली आहे, कारण सेन्सर बिघडतो तो बहुतेक वेळा फिल्मपाशीच.

सामान जमवताना

मुख्य तार: ९० टक्के प्लॅटिनम, १० टक्के इरिडियम, वरून टेफ्लॉनचं वेष्टन, आतल्या धातूचा व्यास १२५ मायक्रोमीटर. ही कंपनीकडूनच मागवावी लागते. दागिन्यांचं प्लॅटिनम मिळतं म्हणून ते घेऊ नका. त्यात मिसळलेले धातू वेगवेगळे असतात आणि पार्श्वप्रवाह, म्हणजे मोजायचा पदार्थ नसतानाही वाहणारा प्रवाह, कधीच स्थिर होत नाही. इरिडियममुळे तार ताठ राहते. शुद्ध प्लॅटिनमची इतकी बारीक तार हात लागला की वाकते.

रेफरन्ससाठी, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज ठरतं त्या इलेक्ट्रोडसाठी, चांदीची तार मात्र सराफ बाजारातून घेता येते. २०० ते २५० मायक्रोमीटर जाडीची, फाईन, म्हणजे ९९.९ ची ओढून द्या असं स्पष्ट सांगा. ९२.५ ची चालत नाही. तिच्यातलं तांबं द्रावणात उतरतं, आणि तांब्याचा नुसता अंश असला तरी ॲस्कॉर्बिक ॲसिड पटापट खराब होतं.

ऑर्थो-फेनिलीनडायअमीन ताजं, गडद बाटलीतलं हवं. चांगल्या पावडरीचा रंग पांढरट ते फिकट पिवळसर असतो. ती तपकिरी-काळी दिसली तर वजन करायच्या भानगडीतही पडू नका, फिल्म होणार नाही. हा पदार्थ विषारी आहे, त्वचेला ॲलर्जी करतो आणि कर्करोगाशी संबंध असल्याचा संशय आहे. त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे घाला आणि वजन फ्यूम हूडमध्येच करा. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, नाशिकच्या गटारांचं पाणी शेवटी गोदावरीकडेच जातं. वेगळ्या गडद बाटलीत साठवून कॉलेजच्या धोकादायक कचऱ्यात द्या.

ग्लुकोज ऑक्सिडेज ॲस्परजिलस नायजर या बुरशीचं घ्या. लेबलवर कॅटलेज या दुसऱ्या एन्झाइमचं प्रमाण बघा. स्वस्त ग्रेडमध्ये ते जास्त असतं, आणि कॅटलेज नेमकं आपलं पेरॉक्साइड खाऊन टाकतं. बाटली उणे २० अंशांवर ठेवा आणि उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पावसाळ्यात आत दव धरतं आणि पावडरीचा गोळा होतो.

बायकार्बोनेट वगैरेंच्या फंदात न पडता साधा फॉस्फेट बफर पुरतो. एक लिटरसाठी सोडियम क्लोराइड ८.७७ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ४.५४ ग्रॅम आणि दोन पाणी असलेलं सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२५ ग्रॅम. पीएच ७.४ च्या आसपास आपोआप येतो. मीटरवर बघून थोडा सारखा करा. पाणी दोनदा डिस्टिल केलेलं किंवा टाइप-१ हवं. आरओच्या जारचं पाणी इथे चालणार नाही.

पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे तारेवर ठरावीक व्होल्टेज धरून प्रवाह मोजणारं यंत्र, ०.१ नॅनोअँपिअरपर्यंत वाचणारा हवा. मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यातलं स्वस्त मॉड्यूल फिल्म चांगली की वाईट हे दाखवूच शकत नाही, कारण चांगल्या फिल्मवर ॲस्कॉर्बेटचा प्रवाह एक-दोन नॅनोअँपिअरच असतो.

तार सोलणं

चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा कापा. एका टोकाला ५ मिलिमीटर टेफ्लॉन काढून धातू सोन्याचा मुलामा असलेल्या पिनमध्ये दाबून सोल्डर करा. दुसऱ्या टोकाला बरोबर १ मिलिमीटर धातू उघडा करायचा आहे. हे स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, ११ नंबरच्या नव्या ब्लेडने करा. तार काचेवर ठेवून ब्लेड हलकेच टेकवा आणि तार बोटाखाली फिरवा. टेफ्लॉनला गोल चीर पडली की तेवढी नळी नखाने ओढून काढा.

ब्लेड धातूला लागलं तर चरा पडतो आणि त्या चऱ्यात फिल्म पातळ बसते. टेफ्लॉन जोरात ओढलं तर उरलेलं वेष्टनही तारेपासून सुटतं. मग द्रावण त्याच्या आत चढतं, आणि बाहेरून सुंदर दिसणारा सेन्सर आतल्या उघड्या धातूवर ॲस्कॉर्बेट मोजत बसतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, आलेखावर दिसतो: पार्श्वप्रवाह तासभर झाला तरी खाली येतच राहतो, बसत नाही.

लांबीकडे लक्ष द्या. १२५ मायक्रोमीटर व्यास आणि १ मिलिमीटर लांबीच्या तारेचं क्षेत्रफळ, टोकाची चकती धरून, ०.००४ चौरस सेंटिमीटर भरतं. लांबीत ०.१ मिलिमीटर चुकलं की क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी चुकलं. प्रत्येक तारेची लांबी मोजून वहीत लिहा.

स्वच्छतेसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये आणि मग पाण्यात पाच-पाच मिनिटं सोनिकेट करा, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या बाथमध्ये ठेवा. आणखी खात्री हवी असेल तर ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उणे ०.२ ते +१.२ व्होल्ट, सेकंदाला १०० मिलिव्होल्ट वेगाने वीसेक फेऱ्या द्या. सलग दोन फेऱ्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या की पृष्ठभाग तयार. या पायरीला चांदीची उघडी तार रेफरन्स म्हणून वापरू नका. ॲसिडमध्ये क्लोराइड नसतं, तिचं पोटेन्शियल भरकटतं आणि चांदी विरघळून प्लॅटिनमवर बसते. इथे ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेला, फ्रिटवाला (सच्छिद्र टोकाचा) रेफरन्सच हवा.

चांदीची तार

बारीक पॉलिश पेपरने घासा, अल्कोहोलने पुसा. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये चांदी १.५ व्होल्टच्या सेलच्या धन टोकाला आणि पेन्सिलीतली जाड शिसाची कांडी ऋण टोकाला जोडून दहा मिनिटं ठेवा. रंग सगळीकडे सारखा, जांभळट करडा आला पाहिजे. मध्येच चकाकणारे पट्टे राहिले तर तिथे तेल होतं; पुन्हा घासा.

अशा दोन तारा बफरमध्ये बुडवून त्यांच्यातलं व्होल्टेज मल्टिमीटरवर बघा. फरक पाच मिलिव्होल्टच्या आत असेल तर दोन्ही वापरा. आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. बफरमध्ये क्लोराइड १५० मिलिमोलर आहे, तयार मिळणाऱ्या रेफरन्समध्ये ३ मोलर. त्यामुळे उघड्या तारेवर +०.७ व्होल्ट दिलं की तयार रेफरन्सच्या तुलनेत प्रत्यक्षात ते सुमारे ७० मिलिव्होल्ट जास्त पडतं. एका कामासाठी एक रेफरन्स ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

फिल्म चढवणं

१० मिलिलिटर बफरमधून नायट्रोजन किंवा आर्गॉन वीस ते तीस मिनिटं सोडा. कॉलेजकडे सिलिंडर नसेल तर सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत टिग वेल्डिंगसाठी आर्गॉन वापरतात, तोही चालतो. ऑक्सिजन काढायचा कारण तो मोनोमरला, म्हणजे ऑर्थो-फेनिलीनडायअमीनला, द्रावणातच ऑक्सिडाइज करतो, आणि तारेवर बसायचं ते बीकरमध्येच तपकिरी होऊन जातं.

त्यात ०.३२४ ग्रॅम ऑर्थो-फेनिलीनडायअमीन टाका. हे ३०० मिलिमोलर झालं, विरघळण्याच्या जवळपास शेवटच्या मर्यादेवर. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गार वारं सुटलं की सकाळी लॅबमध्ये हे पूर्ण विरघळणार नाही, तळाला स्फटिक दिसतील. बीकर ३० ते ३५ अंशांच्या पाण्यात ठेवून सोनिकेट करा. स्फटिक तरंगत असताना पॉलिमरायझेशन सुरू केलं तर फिल्म ठिपक्याठिपक्यांची होते. द्रावण केल्या केल्या वापरा, उद्यासाठी ठेवू नका.

प्लॅटिनमची तार, रेफरन्स आणि काउंटर, म्हणजे सर्किट पूर्ण करणारं तिसरं इलेक्ट्रोड (पेन्सिलीची कांडी किंवा प्लॅटिनम), बुडवा. उघडा भाग पूर्ण बुडला पाहिजे, आणि तारेला बुडबुडा चिकटलेला नाही हे भिंगातून बघा. द्रावण न ढवळता +०.७ व्होल्ट तीस मिनिटं द्या.

आता नजर प्रवाहावर ठेवा, कारण फिल्मची कुंडली इथेच कळते. सुरुवातीला प्रवाह मोठा असतो आणि पहिल्या मिनिटात तो कोसळला पाहिजे. ही फिल्म वीज वाहत नाही. ती जसजशी बसते तसतशी स्वतःची वाढ स्वतःच थांबवते, म्हणून जाडीचं घड्याळ आपल्याला लावावं लागत नाही आणि म्हणूनच दोन तारांमध्ये इतका सारखेपणा मिळतो. शेवटच्या दहा मिनिटांत रेषा जवळपास सपाट हवी. प्रवाह हळूहळू, आळसात उतरत असेल तर मोनोमर जुना आहे किंवा तारेवर चिकट मळ राहिला आहे. उतरून पुन्हा वर चढत असेल तर टेफ्लॉन गळतंय.

तारेभोवती पिवळसर धूर पसरलेला दिसला तर घाबरू नका. तो पाण्यात विरघळणारा छोटा ऑलिगोमर असतो, मुख्यतः डायअमिनोफेनाझिन. फिल्म तारेवरच असते. व्होल्टेज बंद करून तार पाण्यात तीनदा हलकेच बुडवा. पुसू नका, टिश्यू टेकवूही नका. टोकाला स्पर्श झाला की ती तार बाद समजा.

ॲस्कॉर्बेटची परीक्षा

हिला कधीही फाटा देऊ नका. सेन्सर एन्झाइमला लायक आहे की नाही ते इथे ठरतं.

२० मिलिलिटर बफर ३७ अंशांवर, +०.७ व्होल्ट. प्रवाह सपाट होईपर्यंत अर्धा ते एक तास थांबा. आधी पेरॉक्साइड. ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण ९.८ मोलर असतं, त्यातलं १०२ मायक्रोलिटर पाण्यात मिसळून १० मिलिलिटर करा, म्हणजे १०० मिलिमोलर. बाटली जुनी असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. हे द्रावण दहापट पातळ करून २४० नॅनोमीटरवर, १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये बघा, ०.४३ च्या आसपास ॲब्सॉर्बन्स आला तर बरोबर. उन्हाळ्यात बाहेर राहिलेली बाटली इथे पकडली जाते.

या द्रावणाचे २० मायक्रोलिटर टाकले की बीकरमध्ये १०० मायक्रोमोलर होतात. पाच-दहा सेकंद ढवळा, स्टरर बंद करा आणि प्रवाह स्थिर झाल्यावर वाचा. ढवळत असताना वाचू नका. मेंदूत स्टरर नसतो, आणि मोटरचा विद्युत गोंधळही (नॉइज) प्रवाहात शिरतो. १ मिलिमोलरपर्यंत चढत जा. इतक्या लांबीच्या तारेवर १ मिलिमोलरला काही शंभर नॅनोअँपिअर मिळायला हवेत.

बफर बदला. पेरॉक्साइड आणि ॲस्कॉर्बेट एकाच बीकरमध्ये ठेवू नका, ती एकमेकांवर क्रिया करतात. ॲस्कॉर्बिक ॲसिड ०.१७६ ग्रॅम १० मिलिलिटरमध्ये, म्हणजे १०० मिलिमोलर, ऑक्सिजन काढलेल्या पाण्यात त्याच दिवशी करा. १०० मायक्रोलिटर टाकले की ५००, आणखी १०० टाकले की १००० मायक्रोमोलर.

आता भागाकार: १ मिलिमोलर ॲस्कॉर्बेटचा प्रवाह, भागिले १ मिलिमोलर पेरॉक्साइडचा प्रवाह, गुणिले शंभर. आकडा १ टक्क्याच्या खाली हवा. चांगली फिल्म अर्ध्या टक्क्याच्या आसपास सहज जाते. दुसरी खूण जास्त बोलकी आहे: ५०० वरून १००० मायक्रोमोलरला जाताना प्रवाह जवळजवळ वाढतच नाही. पीपीडी ॲस्कॉर्बेटला एका मर्यादेनंतर स्वतःच अडवून धरते. मेंदूत ॲस्कॉर्बेट वर-खाली होत राहतं, पण या सपाट भागात त्याच्या चढ-उताराचा प्रवाहावर परिणाम पडत नाही, आणि आपल्याला हवं आहे ते नेमकं हेच. प्रवाह दुप्पट होत असेल तर टक्केवारी काहीही असो, फिल्मला भोक आहे.

एक सापळा. ॲस्कॉर्बिक ॲसिडचं द्रावण काही तासांत हवेने खराब होतं, आणि खराब झालेलं रूप प्लॅटिनमवर प्रवाहच देत नाही. म्हणजे मेलेल्या ॲस्कॉर्बेटपुढे फुटकी फिल्मही पहिल्या नंबराने पास होते. म्हणून दर वेळी फिल्म नसलेली एक उघडी तार त्याच बीकरमध्ये तपासा. तिच्यावर भरघोस प्रवाह आला तरच बाकीच्या तारांचा निकाल धरायचा.

नापास तारेवर दुसरा थर चढवायचा मोह आवरा. पहिल्या वीज न वाहणाऱ्या थरावर दुसरा नीट बसत नाही. बहुतेक वेळा दोष टोकाच्या चकतीवर कापताना राहिलेल्या धातूच्या कंगोऱ्यात (बर) किंवा सैल टेफ्लॉनमध्ये असतो. २ मिलिमीटर कापून टाका आणि सोलण्यापासून पुन्हा सुरू करा.

एन्झाइम

काही लॅबमध्ये एन्झाइम आधी आणि फिल्म नंतर असते, तेही चालतं. पण शिकणाऱ्याने फिल्म आधी करावी, कारण मग ती पास झाल्याची खात्री करूनच महाग एन्झाइम खर्ची पडतं.

१ मिलिलिटर बफरमध्ये १० मिलिग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन आणि ५०० युनिट ग्लुकोज ऑक्सिडेज (पावडर मिलिग्रॅमला १०० युनिटची असेल तर ५ मिलिग्रॅम). फेस न आणता विरघळवा. सगळ्यात शेवटी २५ टक्क्यांचं ग्लुटारल्डिहाइड ५ मायक्रोलिटर, म्हणजे एकूण ०.१२५ टक्के. इथून दहा मिनिटांत काम उरका, नंतर द्रावण घट्ट होत जातं. ग्लुटारल्डिहाइड जास्त झालं की थर मजबूत होतो, पण एन्झाइम मरतं. कमी झालं तर दुसऱ्या दिवशी सगळं बफरमध्ये धुऊन जातं.

तार एक-दोन सेकंद बुडवा, हळू वर काढा, पाच मिनिटं वाळू द्या. दहा मिनिटांच्या एका बॅचमध्ये दोनच थर बसतात, म्हणून एन्झाइम-अल्ब्युमिनचं द्रावण तीन भागांत ठेवा आणि प्रत्येक भागात ग्लुटारल्डिहाइड त्या प्रमाणात, ऐन वेळी घाला. पाच-सहा थर पुरे होतात. तार झटकन बाहेर काढली तर टोकाला थेंब लोंबतो आणि तिथे जाड गोळा होतो. असा सेन्सर सुस्त होतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाच मिनिटांत काही वाळत नाही. तेव्हा सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये वाळवा. हेअर ड्रायर नको. तास दोन तास बाहेर ठेवून मग रात्रभर ४ अंशांवर ठेवा आणि सकाळी अर्धा तास बफरमध्ये भिजवा.

त्याच वेळी तितक्याच तारा एन्झाइमशिवाय, फक्त अल्ब्युमिन आणि ग्लुटारल्डिहाइड लावून करा. या कोऱ्या तारा म्हणजे उरलेल्या सगळ्या गडबडीचा हिशेब. जे एन्झाइमच्या तारेवर दिसतं आणि कोऱ्या तारेवरही दिसतं, ते ग्लुकोज नाही.

ग्लुकोजचं कॅलिब्रेशन

१.८० ग्रॅम ग्लुकोज १० मिलिलिटरमध्ये, म्हणजे १ मोलर. करून रात्रभर ठेवा. एन्झाइम ग्लुकोजच्या बीटा रूपावरच काम करतं आणि ताज्या द्रावणात अल्फा-बीटाचा समतोल झालेला नसतो. दहापट पातळ करून १०० मिलिमोलरचंही ठेवा. २० मिलिलिटर बफरमध्ये १०० मिलिमोलरचे २०, २०, ६०, १०० मायक्रोलिटर ओळीने टाकले की ०.१, ०.२, ०.५ आणि १ मिलिमोलर होतात; पुढे १ मोलरचे २०-२० मायक्रोलिटर टाकून २ आणि ३. मेंदूच्या कामासाठी या पट्ट्यातली सरळ रेष महत्त्वाची आहे. अजून वर गेलं की वक्र वाकतो, एन्झाइमचा तो स्वभावच आहे.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. पेरॉक्साइडचा प्रवाह दर अंशाला साधारण दोन टक्के बदलतो. नाशिकच्या लॅबमध्ये जानेवारीची सकाळ आणि एप्रिलची दुपार यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो. वॉटर बाथ ३७ वर लावल्याशिवाय दोन दिवसांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका.

ऑक्सिजनचंही तसंच. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे हवेने भरलेल्या बफरमध्ये मुंबईपेक्षा सहा-सात टक्के ऑक्सिजन कमी विरघळतो. पण खरा प्रश्न मेंदूचा आहे. बीकरमध्ये २०० मायक्रोमोलरच्या जवळपास ऑक्सिजन असतो, मेंदूच्या ऊतीत ५० च्या आसपास. १ मिलिमोलर ग्लुकोजचा प्रवाह स्थिर असताना बफरच्या पृष्ठभागावरून नायट्रोजन सोडत ऑक्सिजन हळूहळू उतरवा. ५० मायक्रोमोलरपाशीच प्रवाह घसरू लागला तर तो सेन्सर मेंदूत ग्लुकोज नव्हे, ऑक्सिजन मोजेल. उपाय म्हणजे एन्झाइमचे थर कमी करणं, किंवा वरून पॉलियुरेथेनसारखा ग्लुकोजला अडवणारा पातळ थर देणं.

शेवटी ॲस्कॉर्बेटची परीक्षा पुन्हा घ्या. पेरॉक्साइडची संवेदनशीलता एन्झाइमच्या थरानंतर थोडी कमी होते, ते साहजिक आहे. ॲस्कॉर्बेटचा प्रवाह मात्र वाढता कामा नये. वाढला असेल तर बुडवताना टोक कुठेतरी टेकलं आहे.

५० हर्ट्झचा त्रास

एक-दोन नॅनोअँपिअर वाचताना भिंतीतली वीजही सेन्सरच वाटते. बीकर पत्र्याच्या डब्यात ठेवा. १५ किलो तेलाचा रिकामा डबा, एक बाजू कापून, उत्तम काम देतो. डब्याला एकच वायर, आणि ती पोटेन्शिओस्टॅटच्या ग्राउंडला. दोन ठिकाणी अर्थिंग केलं तर हा गोंधळ वाढतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. इन्व्हर्टरवर लाइट गेल्यावरचं रेकॉर्डिंग बहुधा टाकूनच द्यावं लागतं, स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट सगळीकडे शिरते. शिवाय क्षणभर जरी व्होल्टेज तुटलं तरी तारेला पुन्हा स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून पोटेन्शिओस्टॅटला ऑनलाइन यूपीएस द्या.

मेंदूत गेल्यावर काय होतं, ते टेबलावर बघायचं तर

प्रथिनं आणि मेद फिल्मवर बसून संवेदनशीलता कमी करतात, आणि मोठी घट पहिल्या काही तासांतच होते. मटणाच्या दुकानातून बोकडाचा ताजा भेजा आणून, तितकाच बफर घालून मिक्सरमधून काढा. मिक्सर लॅबचाच हवा, पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. सेन्सर त्यात रात्रभर ४ अंशांवर ठेवा, धुवा, आणि पेरॉक्साइड, ॲस्कॉर्बेट, ग्लुकोज तिन्ही पुन्हा मोजा. या भेज्यात ग्लुकोज मोजायचा प्रयत्न करू नका. मेलेल्या ऊतीत ते केव्हाच संपलेलं असतं. बघायचं एवढंच, की पेरॉक्साइड उतरलं तरी ॲस्कॉर्बेटची टक्केवारी जागच्या जागी आहे का.

ग्लुटामेट मोजायचं असेल तर पद्धत हीच, एन्झाइम ग्लुटामेट ऑक्सिडेज. ते खूप महाग आहे, आणि लक्ष्य काही मायक्रोमोलरचं असल्यामुळे फिल्म कितीतरी जास्त काटेकोर लागते. डोपामाइनला पीपीडीचा उपयोग नाही, कारण ती डोपामाइनलाही अडवते. तिथे सात मायक्रोमीटरचा कार्बन फायबर आणि नॅफिऑन लागतं. नॅफिऑनचा ऋण भार ॲस्कॉर्बेटला परतवतो आणि धन भाराच्या डोपामाइनला ओढून घेतो.

उंदरावरचा प्रयोग हा वेगळा टप्पा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणीकृत प्राणिगृह, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी आणि प्रशिक्षित शल्यक्रिया हे तिन्ही असल्याशिवाय त्याचा विचारही करू नका. ज्या कॉलेजात हे नाही, तिथे काम भेज्याच्या परीक्षेपाशी थांबतं. आणि जिथे आहे, तिथे तार मेंदूतून काढल्यावर त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये, ३७ अंशांवर पुन्हा कॅलिब्रेट करा आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. नुसत्या आधीच्या कॅलिब्रेशनवर काढलेलं ग्लुकोज बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दिसतं.